हातावरची दही-साखर

आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवण्याचं खातं माझ्याकडे. परीक्षा असो, कोर्ट असो, सोयरीक असो. त्या पहाटे घाटंजीहून नागपूरला निघताना थोरल्या बहिणीच्या हातावरही ठेवली, जरा सढळ हातानंच. तिनं चाटून टाकली.

तिच्या स्तनातली गाठ आक्रमक जातीची निघाली होती. ती आणखी कुठं पसरली आहे का, हे त्या दिवशीच्या पेट स्कॅनमध्ये कळायचं होतं.

नागपूरच्या दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "उपाशी आहात ना?"

"रातपासून," बहीण म्हणाली. "पान्याचा घोट आन् या भावाची दही-साखर, बस."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर तरुण, पण समजावण्याची हौस माझ्याइतकीच. अशा गाठीच्या पेशी साखरेवर तुटून पडतात, म्हणाले. प्राणवायू भरपूर असला तरी बरीचशी साखर अर्धवटच जाळतात, पुन्हा नवी ओढतात आणि त्यातूनच नव्या पेशी उभ्या करतात. म्हणून किंचित किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती कुठं गोळा होते ते पाहायचं. आधीच साखर खाल्ली तर चित्र बिघडतं. आता दुपारपर्यंत थांबा.

"मंग मी साखर सोडतेच. मरू दे तिले उपाशी."

"गाठ नाही राहत उपाशी, काकू. तुम्ही खाल्लं नाही तरी शरीर साखर बनवतंच. उपाशी फक्त तुम्ही राहाल."

दुपारी सुई दिली आणि वर शिक्षा: तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही, कारण स्नायूही साखर ओढतात. जिच्या बोलण्यावर अख्खी गल्ली जागी होते, ती माझी बहीण तोंड मिटून पडलेली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो. माझ्या एका चमच्यामागं काही लपून राहिलं तर? चौकीदार शेवटी वैतागला.

"भाऊ, बसा ना. फरशी झिजवून राह्यले तुम्ही."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. चित्रात स्तनात आणि काखेत साखरेचा उजेड, बाकी कुठं काही नाही. डॉक्टर म्हणाले, उपचार होण्यासारखं आहे.

पहिल्या केमोच्या सकाळी मी स्वयंपाकघराकडे फिरकलोच नाही. बहीण चपला घालून दारात उभी, हात पुढे.

"काहून लपून राह्यला? डॉक्टरले विचारलं म्या, आज चालते. आण. आन् चमचा मोठा घे."