तात्यांची जीप आणि आक्कांची पिशवी

आमच्या शिवऱ्याच्या गॅरेजात जळके फ्यूज डब्यात जातात आणि किस्से डोक्यात. डबा अधूनमधून रिकामा होतो, डोकं होत नाही! त्यातही निम्मी जागा पासलीच्या तात्यांच्या जीपनं अडवली आहे.

*

अण्णा म्हणजे गॅरेजचे मालक आणि माझे उस्ताद. ते लाल वायरच वापरतात. कधीकाळी मोठं बंडल आणलं, ते अजून संपायचंय! मग कुठली वायर कशाची? अण्णा गाठी मारतात. एक गाठ हॉर्न, दोन फॉगलॅम्प, तीन पंखा.

तात्यांच्या जीपमध्ये वायरी टाकून, जोडणी माझ्यावर सोपवून ते जेवायला गेले. काम सुबक दिसावं म्हणून मी सगळ्या गाठी सोडल्या आणि वर टेप गुंडाळली. तात्यांनी हॉर्न दाबला, पंखा फिरला. फॉगलॅम्प लावला, हॉर्न वाजला, तो थांबेचना!

अण्णा उष्ट्या हातानं धावत आले. "आरं, लिवलेली पोथी पुसलीस की रं!"

*

मग जीपला मेन कटऑफ बसवला. हे बटण दाबलेलं असेपर्यंत बॅटरी बंद. मी ते डाव्या सीटच्या पायाशी लावलं, कारण तिथं कुणाचा हात जात नाही.

हात जात नाही, पण आक्कांची पिशवी जाते! आक्का म्हणजे तात्यांच्या मंडळी. वेल्ह्याच्या बाजाराला जाताना त्यांनी तांदळाची पिशवी बरोबर बटणावर ठेवली. ऐन चढावर जीप बंद. आक्का पिशवी घेऊन उतरल्या की चालू, बसल्या की बंद. असं तीनदा!

चौथ्यांदा आक्का बसल्याच नाहीत. "तुमची जीप तुमाला लखलाभ! म्या हिच्यात पाय ठेवायची न्हाई!" आणि मागून आलेल्या, गावातल्याच नामाच्या टेम्पोत चढल्या.

बटण मी दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर घेतलं, पण आक्का काही बसेनात. तात्या गॅरेजात चहा गार करत म्हणाले, "तिला फिरवायची म्हनून तर घेतली जीप. आता मान्सं इचारत्यात, डावी सीट रिकामी का?" मला फार वाईट वाटलं. चूक माझीच होती ना!

*

राग जावा म्हणून तात्यांनी मागचा कॅमेरा लावून घेतला. आक्का ओट्यावर उभ्या. तात्यांनी स्क्रीनकडे बघत दिमाखात जीप मागं घेतली, थांबवली आणि स्क्रीनवरची नजर न काढताच पुढं घेतली. थेट उकिरड्यात!

आक्का म्हणाल्या, "मागचं समदं दिसतंय. म्होरचं कोन बगनार?"

*

शेवटी विंच बसवली. विंच म्हणजे पुढच्या बंपरवरचा, बॅटरीवर फिरणारा रहाट. अडकलेल्या गाडीला दोर लावायचा आणि ओढायचं. अण्णांनी तिच्या वायरीला चार गाठी मारल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले!

ट्रायलसाठी मी आणि तात्या पासलीकडे निघालो. अवकाळी पाऊस पडून गेलेला. चढावरून खाली बघतो तर नामाचा टेम्पो चिखलात रुतलेला. मागं भाताची पोती गच्च, आणि केबिनमध्ये आक्का!

तात्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! मी उतरून दोर टेम्पोला लावला. तात्यांनी ब्रेकवर पाय रोवला आणि विंचचं बटण दाबलं. दोर ताणला, विंच गुरगुरली.

"हलला! हलला!" तात्या ओरडले.

दोन गाड्यांमधलं अंतर खरंच कमी व्हायला लागलं. नामा टाळ्या वाजवायला लागला.

आक्कांनी केबिनमधून मान बाहेर काढली. "आवो, टेम्पो हाय हितंच! तुमीच येताय!"

मी बटण सोडायला ओरडत होतो, पण तात्यांना आता काही ऐकू येत नव्हतं. चारही चाकं जाम, आणि जीप चिखलावरून घसरत घसरत खाली आली आणि टेम्पोला नाक लावून थांबली.

आक्का खाली उतरल्या. जीपकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं.

"आलायच एवढं न्यायला, तर चला."

डावं दार उघडून त्या आत बसल्या. पिशवी मात्र मांडीवर घेतली.