वाजू द्या तो फोन

शैलाताईला सांगलीच्या स्मशानात पोचवून आम्ही साताऱ्याला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती गेल्याचं कळवायला मी बूथवरून वडूजच्या दूध केंद्राला फोन लावला. दोन घंट्या झाल्या आणि कानात कर्कश शिट्टी घुसली... माणूस नव्हतं, ताईनं बसवलेल्या डब्यानं फोन घेतला होता. पुन्हा लावला, पुन्हा शिट्टी. शेवटी एसटी धरली.

ताई माझी मावसबहीण. दूध संघाच्या सांगलीच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायची. वडूजचा सर्व्हर वरचेवर अडकायचा आणि तो नुसता बंद करून चालू करायला ही दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. हृदयाची झडप नासलेली, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलेला. जावं तर जीव, न जावं तर नोकरी. म्हणून भांडून तिनं तो डबा, म्हणजे मोडेम, आणवला. सांगलीहून फोन लावायचा, दोन घंट्यांनंतर डब्यानं तो घ्यायचा, की वडूजचा पडदा सांगलीत दिसणार आणि अडकलेलं मशीन तिथूनच सुरू होणार. त्याला फक्त स्वतंत्र फोन हवा होता. संघानं दिला नाही. संचालक वर्षातून एकदा येतात त्या केबिनला फोन, तोही कुलपात. आणि डबा मात्र केंद्राच्या रोजच्या वापरातल्या फोनला जोडलेला! त्या फोनपाशी शिपाई सर्जेराव मामा बसायचे आणि पहिल्याच घंटीला उचलायचे.

"मामा, वाजू द्या की. मीच असते," ताई विनवायची.

"आवं ताई, वाजला नि उचलला न्हाई, ही काय रीत झाली व्हय? कुणाचं बरंवाईट झालं असलं म्हंजी?"

"माझंच व्हायचं आता."

"असलं वंगाळ बोलू नगासा!"

आणि मामा पुन्हा उचलायचे, ताई पुन्हा एसटीत. एकदा केंद्राच्या पायऱ्या चढवेनात म्हणून ती खालीच दुधाच्या कॅनवर बसली. ओठ निळे पडलेले. मामांनी ते पाहिलं. तेव्हापासून त्यांनी वाजत्या फोनला हात लावला नाही. फोन लावला की शिट्टीच ऐकू येते म्हणून गावोगावचे लोक शिव्या घालायचे, मामा म्हणायचे, "ताईचा असंल."

मी संतापून संघाविरुद्ध पत्रक लिहिलं. ताईनं अंथरुणातच वाचलं. म्हणाली, "छान लिहितोस रे. पण मामांनी माझं ऐकलं, संघानं ऐकलं का?" पण मामांनी ऐकलं तोवर उशीर झाला होता, ताई गेली... शोकठरावात संघानं तिला 'कर्तव्यदक्ष' म्हटलंय. फोन नाकारताना हा शब्द कुठल्या कपाटात होता?

वडूजला पोचलो तर मामा फोनशेजारी स्टुलावर बसलेले. संघानं काही कळवलंच नव्हतं. मी सांगितलं.

"सकाळी दोनदा वाजला," फोनकडे बघत मामा म्हणाले. "म्या म्हटलं, ताई काम करतीया. हात लावला न्हाई."

"आता उचलत जा, मामा."

त्यांनी मान डोलावली. त्याला महिना झाला. परवा सहज वडूजला फोन लावून पाहिला... दोन घंट्या, आणि शिट्टी.