सोनेरी कडांचे कप

माझी आत्या चष्म्याचं दुकान चालवायची. लग्न केलं नव्हतं. कमवायची आणि हौसेने उडवायची. पायांत मऊ चामड्याचे बूट, खिडक्यांना जाडजूड पडदे, आणि बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट. त्यात सोनेरी कडांचे कप मांडलेले असत. त्यांतून कुणी चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. आम्ही भावंडं कपाटाजवळ गेलो, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "हात मागे."

आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो, की जेवणाआधी ती लांबलचक प्रार्थना करायची. देवाने दिलेल्या एकेका गोष्टीचे आभार, थेट पडद्यांपर्यंत. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, एक डोळा उघडून ताटातली वाफ विरताना बघत बसायचे.

एकदा चर्चची मंडळी डोंगरापलीकडच्या एका वस्तीत लोकांचे डोळे तपासायला निघाली. पाळकसाहेबांना नाही म्हणता येईना, म्हणून आत्याही गेली. एका म्हातारीच्या घरात टेबल मांडून ती सगळ्यांना चष्मे देत होती. शेवटी म्हातारीने स्वतःचा चष्मा लावला, घरभर नजर फिरवली आणि हसत सुटली. एवढी धूळ साचली होती होय, दिसत नव्हतं तेच बरं होतं, असं म्हणाली. मग तिने चहा टाकला. घरात कप एकच. तो आधी आत्याच्या हाती आला. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले. आत्याने सवयीप्रमाणे रुमाल काढून कपाची कड पुसली.

म्हातारी हळूच म्हणाली, "धुतलाय हो बाई मी."

म्हातारी रागावली असती तर आत्याला परवडलं असतं. पण ती ओशाळली होती, आणि तेच आत्याच्या जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला आत्याने डोळे मिटले, पण तोंडून शब्द फुटेना. बराच वेळ गेल्यावर बाबांनीच "आमेन" म्हणून टाकलं. पुढेही तेच होत राहिलं, तेव्हा ती पाळकसाहेबांकडे गेली.

"मला दिलंस म्हणून देवाचे आभार मानायचे," ती म्हणाली, "म्हणजे तिला दिलं नाहीस, हेही त्यात आलंच. कुठल्या तोंडाने म्हणू?"

ते म्हणाले, "शब्द सापडेनात तर थांबा. पण प्रार्थना सोडू नका. अडखळत का होईना, करा."

त्यानंतर तिने ते सगळे कप चर्चमध्ये नेले. उपासनेनंतर तिथे कागदी पेल्यांतून चहा मिळायचा, तो आता सोनेरी कडांतून मिळू लागला. काही बायका कुजबुजल्या, बाई मिरवतेय. आत्याने ते ऐकलं आणि बाबांना सांगितलं, की अगदीच खोटं नाही ते. बाबा म्हणाले, आता घरही देऊन टाक आणि आमच्याकडे ये, फक्त प्रार्थना आखूड कर. पहिला कप फुटला तेव्हा तिचा चेहरा पडला, पण झाडू तिनेच आणला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. चामड्याचे बूट काही सुटले नाहीत. प्रार्थना मात्र आखूड झाली. आत्या मध्येच थांबायची, शब्द शोधायची. आम्ही पोरं हसू दाबत बसायचो. आज ती शांतता पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मी काहीही देईन.

वस्तीवर ती दरवर्षी जात राहिली. चष्म्यांचं काम उरकलं, की ती आणि म्हातारी दारात बसून गुडघ्यांची गाऱ्हाणी गात. म्हातारी गेल्याचा निरोप उशिरा आला. तरी आत्या वस्तीवर गेली, आणि म्हातारीच्या सुनेबरोबर दिवसभर बसून आली.

परतल्यावर ती थकून खुर्चीत टेकली. बाबांनी पाणी दिलं. ती म्हणाली, "लोकांना वाटायचं, मी तिथे सेवा करायला जाते. अरे, आयुष्यात सगळ्यात जास्त हसले असेन, तर तिच्या दारात."

आणि मग बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली.