न दिलेलं वाक्य

"काम झकास करत्ये हो, पण ठाण्याला राहून आलेली बाई. भर नाटकात झटका आला तर?"

आमच्या नाट्यमंडळाचे नाना कुणाला तरी म्हणत होते. "तर काय, एका तिकिटात दोन नाटकं!" दोघंही हसले. मी शेजारीच विंगेत, हातात नाटकाची वही घेऊन उभी. इंग्रजी शाळेतली मुखदुर्बळ पोर, हिच्यासमोर बोलायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर मी जे केलं, ते परवापर्यंत माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आईलासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला सांगताना आधी आडवळणंच सुचताहेत — पण सांगते.

मॅट्रिक होऊन मी मुंबईहून श्रीवर्धनला परतले, तेव्हा आमच्याकडे गावच्या उत्सवातल्या नाटकात बायकांची कामं मिशा उतरवून पुरुषच करत. दिग्दर्शक अण्णांनी हट्ट धरला, यंदा बाईचं काम बाईच करील. उभी राहिली फक्त कुसुमताई. आमच्या पलीकडच्या आळीतली. तान्हं मूल गेल्यावर तिचं बोलणं-खाणं सुटलं होतं, म्हणून तिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. बरी होऊन आली, तरी ती रस्त्यानं निघाली की बायका पोरांना आत बोलावून घेत. सुपारीच्या वखारीत आमची तालीम चाले, तिथे मात्र ती खळखळून हसायची. लाजाळू म्हणून मला प्रॉम्प्टिंगला बसवलं होतं. ती म्हणायची, "बायो, शब्द फेकू नको गो. हातात दे." तेव्हापासून मी हळू, नीट वाचायला लागले.

रंगीत तालमीला गावातली वडीलधारी मंडळी आली. बाईनं उत्सवात काम करावं की नाही, हे त्यांनी पाहून ठरवायचं होतं. त्याच सकाळी अण्णांनी कुसुमताईचं एक वाक्य बदललं. तिला एकदाच वाचून दाखवलं, मला वहीत लिहून दिलं.

त्या वाक्यापाशी ती थांबली. माझ्याकडे पाहिलं.

माझं बोट त्या वाक्यावर होतं. मी गोंधळले होते का? नाही. अक्षर लागलं नाही? लख्ख दिसत होतं. मग? — नानांचं बोलणं कानात होतं, आणि मला पाहायचं होतं. झटका म्हणजे नेमकं काय होतं माणसाचं, ते. मी ओठ मिटून तिच्याकडे बघत राहिले. शाळेत काचेखाली ठेवलेला किडा बघावा, तशी.

तिनं किंचाळावं, असंच मला वाटत होतं का? वाटत होतं.

ती किंचाळली नाही. पदराचं टोक बोटांत पिळत नुसती उभी राहिली. कपाळावरचा रंग घामानं ओघळला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बघितलंत? वारं उतरलेलं न्हाय अजून." नानांनी पडदा ओढला.

तिला कुणी रागावलं नाही. "थोडी विश्रांती घ्या, वहिनी," एवढंच सगळे म्हणाले. तिचं काम एका दुकानदाराच्या मुलाला मिळालं, त्यानं त्याच दिवशी मिशी उतरवली. सासूनं तिचं तालमीला येणं बंद केलं. पुढे कुठल्याही बाईला मंडळानं विचारलं नाही. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी वाचताना अडखळली — एवढं खोटं बोलले असते, तरी ती सुटली असती. तेही बोलले नाही. उत्सवात त्या मुलाला मी प्रत्येक शब्द वेळेवर दिला. अण्णांनी चारचौघांत माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

परवा बोर्लीच्या बाजारात ती भेटली. पाच-सहा वर्षांतच केस पिकलेत. मला टाळायचं होतं, पण तिनंच हाक मारली. माझं लग्न ठरल्याचं विचारलं, हातात कैऱ्या दिल्या. मग आपणहून म्हणाली, "तुमच्या नाटकाचा मी विचका केला गो. बरी झाले म्हणून मिरवत होते नि ऐन वेळी डोकं फिरलंच बघ. तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसाच न्हाय. चुलीवर दूध ठेवलं तरी कुणाला तरी बघायला सांगते."

इतकी वर्षं ती असं समजत होती.

बाजारात माणसं होती. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण भाजीवाली वळून बघायला लागली.

"ताई, तुमचं डोकं फिरलं नव्हतं. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. तुम्हाला वेड लागतं का, ते बघायला मी गप्प राहिले."