सुमेधचा सूर आणि आम्ही आठ बायका

सुमेध गेल्यापासून आमच्या विहारातली झाडलोट कधी पुरी होत नाही. दोघीजणी झाडू घेऊन आल्या की एक म्हणते, "तुला ते आठवतंय काय गं," आणि दोन्ही झाडू भिंतीला टेकतात. एकीची गोष्ट संपायच्या आत दुसरीची सुरू. सगळ्या काही गोड नाहीत. पोरगं तोंडाचं फटकळ होतं. सव्विसाव्या वर्षी गेलं म्हणून त्याला आता साखरेत घोळवून मी सांगणार नाही.

* * *

आम्ही उचगावच्या आठ बायका. दर रविवारी विहारात वंदना म्हणायचो. म्हणायचो म्हणजे काय, स्पीकरला पेन ड्राइव्ह लावायचो आणि त्याच्यामागं ओठ हलवायचो. एका रविवारी गल्लीतल्या रंजनाचा हा पोरगा, सुमेध, बाजाची पेटी काखेत मारून आला. कुणाला न विचारता पेन ड्राइव्ह उपसला आणि खिशात घातला.

मी म्हटलं, "का रं? चांगलं चाललं होतं की."

"मावशी, दर रविवारी पंचशील हा पेन ड्राइव्ह घेतोय. सुधारला बी असंल एव्हाना. तुम्ही कधी घेणार?"

त्या दिवशी सराव सुरू झाला. पहिला सूर लावायचं काम माझ्याकडं आलं. मी जरा फुशारले, तर म्हणतो कसा, "गोड हाय म्हणून न्हाय मावशी. मागच्या गल्लीपतोर जातोय म्हणून."

* * *

दोन वर्षांनी त्याचे पाय सुजायला लागले. एका रविवारी पेटी झाकता झाकता, उद्या लाइट जाणार आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं, "दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. रविवार मोकळा हाय, तवा सराव कुणी चुकवायचा न्हाय."

आमच्यातली शालन रडायला लागली.

"रडू नगं काकू, घसा बसतोय."

आईची किडनी जुळली नाही. किडनी मिळायच्या यादीत नाव घातलं. यादी किती लांब आहे ते त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तेव्हापासून त्यानं एकच धरलं. तो नसताना, पेटी नसताना, आम्हाला सूर बरोबर लागला पाहिजे. आधी मी गळ्यानं लावायचा, मग तो पेटीवर तपासणार. चुकला की पेटीचं झाकण धाडकन बंद आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा बारा वेळा झाकण आपटलं. शालन म्हणाली, "पेटी मोडंल रं." म्हणाला, "मोडू दे. पेटी बाजारात मिळतीया. तुम्ही न्हाय मिळत."

* * *

डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडली. डॉक्टरांनी बजावलं, या हातानं जोर लावायचा नाही. आता पेटीचा भाता तर डाव्या हातानंच ओढायचा असतो. मग आम्ही वाटणी केली. बोटं त्याची, भाता माझा.

पहिल्या दिवशी मी असा काही भाता मारला की पेटी किंचाळली. 

"मावशी, चूल पेटवतीस व्हय?"

"मग तूच मार की."

"मारला असता. पर शीर फुटली तर रक्त तुझ्या साडीवर उडंल, आणि तू मला साडीपायी शिव्या घालणार."

घातल्याच असत्या. नवी साडी होती.

* * *

रंजना आई होती, तिचा धीर सुटणारच. कुणीतरी तिला सांगितलं, अमक्याचा गंडा बांध, गुण येतो. सुमेध गंडेदोरे मानणारा नव्हता, तोंडावर नको म्हणायचा. तिनं तो झोपेत असताना मनगटावर बांधला.

रविवारी येऊन बघतो तर गंडा पेटीवर. भात्याची कडी कधीपासून तुटली होती, तिथं त्यानं तो दोरा पक्का आवळला होता. रंजना संतापली. चार बायकांसमोर म्हणाली, "तुला आईची किंमत न्हाय."

"आई, तुझीच किंमत हाय, म्हणून टाकला न्हाय. आणि गुण आलाय की. कालपासनं भाता ढिला पडला न्हाय."

रंजनाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून बाहेर गेली ती बराच वेळ आत आली नाही.

* * *

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा. एक कळंब्याचे म्हातारे पैलवान, एक चाचा, बाकीचे असेच. चार-चार तास यंत्राला बांधलेले. सुमेध पडल्या पडल्या हळू आवाजात वंदना म्हणायचा. एके दिवशी पैलवान खेकसले, "रोज तेच काय म्हणतोस? आमचा एखादा अभंग म्हण की."

म्हटला. मग चाचांनी कव्वाली मागितली. तीही म्हटली.

मी सोबत गेले होते. बाहेर आल्यावर विचारलं, "तुझा धर्म कुठं गेला रं?"

"मावशी, सहा माणसं चार तास रडगाणं सोडून गाणं ऐकत पडली. ह्यो माझाच धर्म की."

  

* * *

एकदा कसबा बावड्यात एका घरभरणीला आम्हाला बोलावलं. दिवस शुक्रवारचा. त्यानं मुद्दाम होकार दिला. "मी खाटेवर असणार. फोन चालू ठेवा, मी ऐकतो."

मी सूर लावला तो असा वर की चौथ्या ओळीला शालनची नुसती हवा निघाली आणि सहाव्याला सगळ्याच बंद. पाहुणे टाळ्या वाजवून मोकळे झाले, त्यांना वाटलं संपलं. फोन कानाला लावला.

"मावशी, बावड्याला रिक्षानं गेलतासा का इमानानं?"

मी चिडले. म्हटलं, "आम्हाला न्हाय जमत. तू हाईस तोवर तूच बघ."

 तो म्हणाला, "मी हाय तोवरच शिकायचं हाय, मावशी. रविवारी लवकर ये."

* * *

उन्हाळ्याच्या तोंडाला तो गेला.

मयत विहारासमोर थांबवायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि पुढं न्यायची, ही आमच्याकडची पद्धत. ते म्हणतात गडीमाणसं. पण सुमेधनं आईला सांगून ठेवलं होतं, बायका म्हणतील, आणि पेटी लावायची नाही. पोरांनी तिरडी खांद्यावरच ठेवली. दोन मिनिटांसाठी खाली कोण ठेवतंय?

मी सूर लावला. दोन शब्दांतच कळलं, वर गेला. आठही जणींना कळलं.

मी हात वर केला. "थांबा. चुकलं. परत."

 दुसऱ्यांदा लावला, तर पार खाली गेला, छातीतच अडकला.

"परत."

विहाराचे अध्यक्ष बापू जवळ आले. हळूच म्हणाले, "शोभा, पोरं वजन घेऊन उभी हाईत. आज सूर कोण बघतंय?"

मी म्हटलं, "खांदा बदला म्हणावं."

पोरांनी खांदा बदलला. मी डोळे मिटले, दम घेतला.

तिसऱ्यांदा लागला. शेवटपर्यंत टिकला. आम्ही तीनदा साधू म्हटलं, आणि मग मी बापूंना म्हटलं, "आता न्या."