पान एकशे बारा

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. माणिकबाई अमरावतीला नातीच्या खोलीवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. आठ दिवस वाचायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे सगळं काम कानांकडे आलं होतं. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. शेजारी कुकरची चौथी शिट्टी झाली. प्रतीक्षा, त्यांच्या लेकीची लेक, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून नुकतीच आली होती आणि हातपाय धुऊन मोबाइलवर काहीतरी खेळत बसली होती.

मोबाइलमधून एक जाडाभरडा आवाज आला. "झांजरनगरीचा पाचवा दरवाजा. आत जायचं असेल तर एक शब्द इथे ठेवून जा."

माणिकबाई ताठ बसल्या. "काय म्हनलं त्यानं?"

"गेम आहे आजी. आवाज कमी करते."

"कमी नोको करू. गावाचं नाव काय म्हनलं?"

"झांजरनगरी."

चव्वेचाळीस वर्षांत हे नाव त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण बोटं विसरली नव्हती. 'झ'चे खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, त्यांच्या जुन्या छापखान्यात नेहमी कमी असायचे. साध्या पुस्तकाला तो तुटवडा जाणवत नसे. झांजरनगरीच्या कादंबरीत मात्र पानापानावर तेच नाव, आणि दोन पानं झाली की 'झ'चा खण रिकामा.

तेव्हा माणिक वीस-एकवीस वर्षांची होती. बार्शीटाकळीला त्यांचं फुलांचं वावर होतं. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा. सातवी शिकलेली माणिक पहिल्या एसटीने फुलांची गाठोडी घेऊन अकोल्याला यायची, ती बाजारात पोचवायची आणि तिथून टिळक रोडच्या एका बोळातल्या खुशालरावांच्या छापखान्यात जायची. तिथे ती खिळे जुळवायची. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळीत लावायची, ओळींचं पान करायचं, आणि छापून झालं की पुन्हा सगळी अक्षरं आपापल्या खणात टाकायची. छापखान्यात जुळवणारे तिघे. दोघे बापे आणि ही. आधी लोक दारातून डोकावून बघत, मग सवय झाली.

'झांजरनगरीचे पहारेकरी' लिहिणारे सूर्यभान गुरुजी अमरावतीचे. शाळामास्तर होते. कादंबरीच्या एकेका भागाच्या हस्तलिखिताचं बाड मेणकापडात गुंडाळून अमरावती-अकोला गाडीच्या कंडक्टरबरोबर यायचं. सात दरवाजांची नगरी, प्रत्येक दरवाजावर न झोपणारा पहारेकरी. आत जाणाऱ्याने एक शब्द तिथे ठेवायचा. ठेवलेला शब्द मग तोंडात येत नाही, कानाला कळत नाही. कादंबरीचा नायक धवलसिंह पहिल्या दरवाजावर हुशारी करून 'मत्सर' ठेवतो, दुसऱ्यावर 'भय'. पण पुढे पुढे शब्द निवडायचा हक्क पहारेकऱ्यांचा होतो.

गंमत अशी की माणिकला गोष्ट अर्धीमुर्धीच ठाऊक. बाड तिघांत वाटलं जायचं. तिच्या वाट्याला येतील तेवढीच पानं ती वाचणार, तीही उलट्या अक्षरांत, ओळीओळीने. धवलसिंह एका पानावर खंदकात पडायचा आणि तिच्या पुढच्या पानावर घोड्यावर बसलेला असायचा. मधे काय झालं ते दुसऱ्याच्या खणात.

पाचवा भाग आला तो जनगणनेच्या साली, फेब्रुवारीत. गुरुजी मोजणीच्या कामावर मेळघाटातल्या खेड्यांत गेले होते. तिकडे फोन नाही, पत्र पोचायला आठ दिवस. बाड सोडलं तर एकशे अकरानंतर एकदम एकशे तेरा. गुरुजी पुस्तकाच्या पानाला पान मोजून लिहायचे, आणि एकशे बारा नंबरचं पान नव्हतंच. वाटेत पडलं, का गुरुजींकडेच राहिलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकशे अकरावर पाचव्या पहारेकऱ्याने धवलसिंहाचा 'पाणी' हा शब्द काढून घेतलेला. तो खंदकाच्या काठावर तहानेने मरायला टेकलाय, समोर पाणी भरलंय आणि ते काय आहे हेच त्याला समजत नाही. एकशे तेरावर तो म्हणतो, "पाणी गोड होतं," आणि चालायला लागतो.

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. कागद येऊन पडला होता, मुखपृष्ठं छापून झाली होती, मशीन रिकामं ठेवणं परवडत नव्हतं. पानं माणिकच्या वाट्याची होती. ते तिला म्हणाले, "दोन ओळी टाकून दे वं कायतरी. त्याले तहान लागली, त्यानं पानी पेलं. जुळवून घे अन् मोकळी हो."

माणिक आपल्या खणांसमोर उभी राहिली. दोन ओळींनी भागणारं नव्हतं, हे तिला घरून माहीत होतं.

तिच्या मायच्या अंगावरून दिवाळीत वारं गेलं होतं. मैनाबाई. उजवा हात आणि जीभ. हात थोडा सुधारला, जिभेवरचे शब्द मात्र गेले. बाजारात अर्ध्या बायांना आवाजाने गप्प करणारी मैनाबाई आता भाकरीकडे बोट दाखवायची आणि ओठ हलवून गप्प व्हायची. माणिकने आधी शब्द सांगून पाहिले. माय, भाकर म्हन. भाकर. माय रडायची. मग एक दिवस माणिकने काहीच न सांगता तिच्या हातात शेवंतीचं फूल दिलं आणि समोर बसून राहिली. बऱ्याच वेळाने माय म्हणाली, "शेवंती." त्यानंतर माणिक तसंच करायची. वस्तू हातात द्यायची, आपण बोलायचं नाही, वाट पाहायची.

त्या दुपारी हस्तलिखित समोर नसताना माणिकने पान जुळवलं. तटाखाली टोपली घेऊन एक म्हातारी बसलीय. तिचे सगळे शब्द सातही दरवाजांवर गेलेत. ती धवलसिंहाला काही विचारत नाही. टोपलीतली शेवंती खंदकात बुडवते, ओली त्याच्या तळहातावर ठेवते आणि त्याच्याकडे बघत बसते. पाणी त्याच्या बोटांतून मनगटावर येतं, कोपरापर्यंत ओघळतं. मग तो शब्द उच्चारतो. पान भरलं. खुशालरावांनी प्रूफ वाचलं, चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि छापायला सोडलं.

तीन आठवड्यांनी गुरुजी आले. पुस्तक बांधून तयार होतं. बाकावर बसून त्यांनी ते उघडलं. एकशे बारावर खूप वेळ थांबले.

"हे पान कोणी जुळवलं?"

"मी," माणिक म्हणाली. तिच्या हातातली ओळ सुटून खिळे जमिनीवर सांडले होते.

"ही बाई कुठून आणली?"

"घरून. माही माय हाये."

"नाव काय त्यांचं?"

तिने सांगितलं. गुरुजींनी मान हलवली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि खुशालरावांचा चहाही न घेता निघून गेले. माणिकला वाटलं, झालं, माणसाच्या लिहिण्यात हात घातला आपण. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि छापखाना सुटला. सासर अकोल्यातच, डाबकी रोडला. सहावा आणि सातवा भाग निघाला तेव्हा तिची पहिली लेक पाळण्यात होती. ते भाग तिने पाहिले नाहीत. मुद्दामच पाहिले नाहीत म्हटलं तरी चालेल. बसस्टँडच्या स्टॉलवर पुस्तक टांगलेलं दिसलं की ती दुसरीकडे बघायची. मैनाबाई पुढे सहा वर्षं जगली. बरेच शब्द परत आले तिचे, सगळे नाही. गुरुजी गेल्याचं माणिकबाईंनी पुष्कळ वर्षांनी पेपरात वाचलं.

हे सगळं प्रतीक्षाला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळलं. ती मोबाइल मांडीवर तसाच ठेवून ऐकत होती.

"आजी, तुले माहीत हाये का, लोकं या गेमवर भांडून रायले. ज्यायनं पुस्तकं वाचली ते म्हणतात, पुस्तकात असं नाही, तसं होतं. पानं काढून दाखवतात एकमेकाईले."

"त्यात थे म्हातारी हाये का?"

प्रतीक्षाने विचित्र नजरेने पाहिलं. "तिच्याशिवाय गेम संपतच नाही. सातव्या दरवाजावर पहारेकरी धवलसिंहाचं नावच काढून घेतो. अन् मग मैना येते."

"कोन येते?"

"मैना. शेवंतीवाली. सातव्या भागात गुरुजीनं नाव ठेवलं तिचं. तिच्या हातून त्याले त्याचं नाव परत भेटते. लोकाईची सगळ्यात आवडती आहे ते."

काळ्या चष्म्याखालून पाणी आलं तसं प्रतीक्षा घाबरली. ऑपरेशनचं काय होईल म्हणाली. माणिकबाईंनी पदराने गाल पुसला, डोळ्याला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "पहिल्या दरवाजापासून सांग. मधलं मले माहीत नाई."

उरलेले पाच दिवस हेच चाललं. प्रतीक्षा कामावरून आली की खेळायची आणि खेळता खेळता सांगायची. खंदकात पडलेला धवलसिंह घोड्यावर कसा आला, दुसऱ्या पहारेकऱ्याचा भाऊ कोण, तांब्याची पोपटीण खरं बोलायची की खोटं. दुसऱ्यांच्या खणातली पानं चव्वेचाळीस वर्षांनी माणिकबाईंच्या हाती लागत होती. काही ठिकाणी त्या अडवायच्या. "असं नाई, तिसऱ्या दरवाजावर हत्ती नवता, मीच जुळवलं होतं थे पान." प्रतीक्षा बघायची तर खरंच, हत्ती गेमवाल्यांनी घातलेला.

एक गोष्ट त्यांना खटकली. गेममध्ये मैनाला सोन्याच्या मोहरा दिल्या की ती लगेच शब्द देते.

"लगेच?"

"हो. मोहरा टाकायच्या, शब्द घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाने त्यांना न विचारता गेमवाल्यांना लिहिलं. पान एकशे बारा कोणी लिहिलं ते माझी आजी सांगू शकते, एवढंच.

महिन्याभराने पौर्णिमा नावाची एक बाई अकोल्याला आली. गेम बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत त्याची गोष्ट लिहिणारी तीच. तिशीची, माहेर अमरावतीचं. डाबकी रोडच्या घरी खाली सतरंजीवर बसून तिने पाचव्या भागाची जुनी प्रत उघडली.

"मावशी, आम्हाला शंका होतीच. ह्या पानाची भाषा वेगळी आहे. गुरुजी कधी हातांबद्दल लिहीत नाहीत. ह्या एका पानावर तळहात आहे, बोटं आहेत, मनगट आहे, कोपर आहे."

माणिकबाईंनी सगळं सांगितलं. पण त्याआधी एक विचारून घेतलं, गुरुजींच्या घरच्यांना राग तर येणार नाही ना.

"त्यांच्या मुलीशी बोलले मी. रागिणीताई. त्या म्हणाल्या, बाबा सांगायचे, मैना मला अकोल्याच्या छापखान्यात भेटली. त्यांना वाटायचं बाबा थट्टा करतायत."

मग माणिकबाईंनी मोहरांची गोष्ट काढली. पौर्णिमाने समजावून सांगितलं की पुस्तकात 'तटाखाली बाजार भरला होता' एवढी एक ओळ असते, त्यांना मात्र अख्खा बाजार मांडावा लागतो, दुकानं, माणसं, भाव. गुरुजींनी जे सांगितलं नाही ते कुठून तरी आणावं लागतं. मोहरा तशाच आल्या.

"अन् गेम खेळणारी माणसं थांबत नाहीत, मावशी. दोन सेकंद उशीर झाला तर फोन ठेवून देतात."

"थांबतील नं. कावून नाई थांबनार? बाजारात मायसमोर गिऱ्हाईक थांबे. तिले आकडा आठवेपर्यंत उभं राहे. घाईवालं बी राहे."

पौर्णिमाने ते वहीत लिहून घेतलं. दिवसभर ती लिहीतच होती. फुलं कशी मोजतात, मैनाबाई टोपलीवर ओलं फडकं कसं टाकायची, बोलता येत नसताना गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायची.

दिवाळीच्या आधी गेम बदलला. आता मैना मोहरा घेत नाही. ती ओली शेवंती खेळणाऱ्याच्या हातावर ठेवते. बोट फुलावर ठेवायचं आणि काहीही न दाबता थांबायचं. जवळजवळ मिनिटभर. बोट उचललं की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीतल्या वरिष्ठांना ते पसंत नव्हतं. पहिल्या आठवड्यात लोकांनी शिव्याही पुष्कळ घातल्या, कित्येक खेळ सोडून गेले. गेलेल्यांतले बरेच परत आले, सगळे नाही. गेमच्या शेवटी नावांची यादी येते, तिथे गुरुजींच्या नावाखाली 'पान एकशे बारा: माणिकबाई, अकोला' अशी ओळ आली. प्रतीक्षाने ती कारखान्यातल्या सगळ्यांना दाखवली.

माणिकबाईंनी स्वतः एकदाच खेळून पाहिलं. नव्या डोळ्यांनी मैनाचं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, माय इतली गोरी नवती. पौर्णिमाला हे कळवल्यावर तिने रंग बदलून घेतला.

आता रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पौर्णिमाचा फोन येतो. बाजाराचं काम अजून चालू आहे, तिला शब्द कमी पडतात. माणिकबाई चहा बाजूला ठेवून फोन घेतात.

"मावशी, कालची उरलेली, थोडी मलूल झालेली फुलं असतात ना, त्यांना तुमच्याकडे काय म्हणायचे?"

"थांब," माणिकबाई म्हणतात. "आठवू दे."

पौर्णिमा थांबते.