भाऊजींचा कोरा बिल्ला

निम्म्या विदर्भाला माझ्या भाऊजींनी आतून पाहिलं होतं; उरलेला निम्मा अजून कुठून तरी पडायचा बाकी होता, एवढंच. थोरल्या ताईचे हे यजमान धंतोलीतल्या एका इस्पितळात वीस वर्षं एक्स-रे काढत होते. माणसं त्यांना चेहऱ्यानं नाही, हाडांनी आठवत. भिवापूरच्या एका लग्नात कुणीतरी वाकून नमस्कार केला. ओळख पटेना, तेव्हा भाऊजींनी भर मांडवात त्याचा खांदा चाचपला आणि ओरडले, "अरे, तू होय! मस्त जुळलं की गा हाड!" मग नवरदेव एकटाच बसला आणि अख्खं वऱ्हाड भाऊजींपुढे खांदे उघडून उभं राहिलं.

किरणांचं शास्त्र ते भेटेल त्याला पाजत. एक्स-रे म्हणजे फोटो नव्हे, सावली. हाड किरण अडवतं म्हणून पांढरं, फुप्फुसात हवा म्हणून काळं. ताई शेगडीशी बसली की सुरू, "अवं, मागं सरक. अंतर दुप्पट केलं की आच चौथाई. किरणाईचंही तसंच." ताई म्हणायची, "मंग आज कच्च्या पोया खा तुम्ही."

हे नियम दुसऱ्यांसाठी. लहान मूल मशीनखाली हललं की फिल्म पुसट येते, पुन्हा काढावी लागते, म्हणजे त्या जिवावर दुप्पट किरण. म्हणून भाऊजी आईला बाहेर पाठवत, शिशाचा एप्रन मुलाच्या पोटावर टाकत आणि मूल स्वतःच्या हातांनी धरत. "काहून रडून राहिला गा, वाघोबा?" असं विचारेपर्यंत पडद्याआडून नर्सबाई बटण दाबून मोकळ्या.

अंगावर किती किरण पडले ते सांगणारा एक बिल्ला छातीवर लावायचा असे. त्यातली इवलीशी फिल्म तपासायला मुंबईला जाई. भाऊजी तो बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगूनच आत शिरत. रिपोर्ट दरवेळी कोरा. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "आकडा वाढला तर मले मशीनवरून काढतीन. मंग लेकराईले कोन धरन?"

आधी नखं तडकली. ताईनं खोबरेल चोळलं. मग उजव्या हाताच्या दोन बोटांवर जखमा झाल्या, त्या भरेचनात. एक दिवस भाऊजींनी स्वतःचाच हात मशीनखाली ठेवला. ओली फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिले. "फिल्म फस्कलास आली गा," मला म्हणाले. "बोटंच खराब निघाली."

ती दोन बोटं काढावी लागली. मोठ्या डॉक्टरांनी बिल्ल्याचे जुने रिपोर्ट चाळले आणि लिहून दिलं, किरणांशी संबंध दिसत नाही. ताईनं तो कागद दोनदा वाचला. "जिंदगीत एकच खोटं बोलले तुम्ही," ती म्हणाली, "अन् तेच सायबाले खरं वाटलं." भाऊजी भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढे त्यांना नावं लिहायच्या खिडकीवर बसवलं. उरलेल्या तीन बोटांत पेन धरून ते वळणदार लिहीत. पण आतून एखादं मूल रडू लागलं की पेन थांबे, बोटं टेबलाची कड घट्ट धरत, आणि आतला आवाज शांत होईपर्यंत रांगेतल्या कुणाचंही नाव पुढे लिहिलं जात नसे.